झाडांखालचा केर

दादाची बायको मातीची डॉक्टर आहे, असं अप्पा भेटेल त्याला सांगतात. वहिनी अजून डॉक्टर झालेली नाही आणि माती औषध घेत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. पण सासऱ्याने दिलेली बढती नणंदेने रोखली असं दिसायला नको, म्हणून सोडून दिलं.

वहिनी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत संशोधक आहे. नेमणूक मुदतीची. मुदत संपली की पुढे ठेवायचं की नाही, ते तिथल्या मोठ्या मॅडम ठरवणार. तिचा विषय मातीतली सिलिका. वाळू जिची असते आणि काच जिची करतात, ती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "मातीत वाळू आहे हे शोधायचा पगार देतात?"

वहिनीला चिडवलं की ती चिडत नाही, समजावून सांगायला बसते. चिडवणाऱ्याला याच्याइतकी मोठी शिक्षा नाही.

"हे बघ मुनीमबाई," ती म्हणाली. मी फर्निचरच्या कारखान्यात कोठार सांभाळते, आत काय आलं आणि बाहेर काय गेलं ते बघते, म्हणून तिने माझं हे नाव ठेवलंय. "तुमच्या कोठारात मागे एक कुलूपबंद खोली असते ना? वाळूतली सिलिका तशी. ढिगाने आहे, पण झाडाच्या हाताला लागत नाही. तिला विरघळायला युगं लागतात. अगदी थोडी मातीतल्या पाण्यात उतरते, ती झाड पितं. पानात गेली की तिचे काचेसारखे बारीक कण होतात. पान गळलं, कुजलं, की ते कण मातीत. वाळूपेक्षा ते कितीतरी लवकर विरघळतात, आणि पुन्हा कोणाची तरी मुळं ते पाणी पितात. हा झाला पुढच्या फळीवरचा माल."

"आणि शेतात?"

"शेतात गहू कापतात आणि काड बांधून नेतात. गव्हाच्या काडात हे कण ठासून भरलेले असतात. म्हणजे दर हंगामाला फळीवरचा माल गाडीत चढतो आणि परत काही येत नाही. मला बघायचंय, त्याच शेतात झाडं लावली तर फळी पुन्हा भरते का."

एवढं माझ्या डोक्यात शिरलं. माल कुठून येतो आणि कुठे जातो, याच्या मागे लागलेल्या माणसाशी माझं पटतं.

हा माल मोजायचा तर माती सोड्याच्या गरम पाण्यात तासनतास ठेवावी लागते, आणि तीही काचेच्या भांड्यात चालत नाही. गरम सोड्यात काचच थोडी थोडी विरघळते आणि आपली सिलिका मिसळून मोकळी होते. त्यामुळे प्रयोगशाळेतलं तिचं टेबल सगळं प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं. घरीसुद्धा काचेचा पेला पुढे केला की तिचा हात जरा अडखळतो. दादा म्हणतो, "चष्मेवाला नवरा चालवून घेतला, उपकारच म्हणायचे."

या कामासाठी शेत आणि झाडं शेजारी शेजारी हवीत, दोन्हीकडची मूळ माती एक हवी, आणि झाडं कधी लावली ते पक्कं ठाऊक हवं. अशा जागेसाठी वहिनीने बरीच पायपीट केली. शेवटी ती सापडली सासऱ्याकडेच.

अप्पांचं तीन खुर्च्यांचं सलून होतं. गावाबाहेर घर आणि घरामागे गव्हाचं शेत. मी शाळेत जायला लागले त्या वर्षी त्यांनी अर्ध्या शेतात झाडं लावली, सावलीत म्हातारपण काढायचं म्हणून. सलून आता विकलं, पण सलूनची शिस्त विकली गेली नाही. एक डोकं झालं की केर काढायचा, मगच दुसऱ्याला खुर्ची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधीच्याचे केस खाली पडलेले असताना अप्पांची कात्री उघडत नसे.

वहिनीने रीतसर चौकशी केली, तेव्हा मी तिथेच होते.

"अप्पा, झाडांखाली तुम्ही काय काय करता? नांगर, खत, पाणी, फवारणी?"

"काही नाही. झाडं ती झाडं, उभी आहेत आपली."

"आणि शेतात बाहेरून काही आणून टाकता?"

"बाहेरून चिमूटभरसुद्धा नाही."

दोन्ही उत्तरं शब्दाला शब्द खरी होती.

तीन वर्षं वहिनी पानगळीच्या दिवसांत जाऊन माती आणत होती. आधी कळवायची, "अप्पा, रविवारी येते हं." मग आई स्वयंपाकाला लागायची आणि अप्पा आवराआवरीला. वहिनी खणायची, पिशव्या भरायची, जेवायची, परत यायची.

आणि आकडे आले ते नेमके उलटे. शेताची फळी भरलेली आणि झाडांखालची रिकामी. पहिल्या वर्षी तिला वाटलं, योगायोग. दुसऱ्या वर्षी तिने सगळ्या बाटल्या नव्या आणल्या. तिसऱ्या वर्षीही तेच आलं, तेव्हा मोठ्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मी दादा-वहिनीच्या वरच्याच मजल्यावर राहते. त्या संध्याकाळी वहिनी जिना चढून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. चपला न काढता वहिनी कुठे बसली, म्हणजे काहीतरी मोडलं असं समजावं.

"मॅडम म्हणतात, पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. शेताची झाडांना, झाडांची शेताला."

"मग?"

"म्हटलं, नाही झाली. त्या म्हणाल्या, झाली असेल तर कबूल कर, ही जमीन वगळू. रागावल्या असत्या तरी बरं वाटलं असतं गं. समजूत काढल्यासारखं बोलल्या. ही जमीन वगळली तर माझ्याकडे उरतं काय? महिनाअखेर मुदत संपतेय. दाखवायला काही नसलेल्या माणसाला कोण ठेवून घेणार?"

आता वहिनीच्या स्वयंपाकघरातली गोष्ट सांगते. मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी, साखरेच्या डब्यावर 'साखर', आणि रिकाम्या डब्यावर 'रिकामा'. अशा बाईवर चिठ्ठ्या उलट्या लावल्याचा आळ. मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"उद्या सकाळी जाऊन पुन्हा खणते," ती म्हणाली. "तू चल बरोबर. पिशवीवर चिठ्ठी लावताना कोणीतरी बघणारं हवं."

"अप्पांना कळवते."

"नको. कळवलं की पाहुणचार होतो. पाहुणचारात दिवस जातो. मला फक्त माती हवीय."

सुनेने सासरी न कळवता जायचं, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

सकाळी पोचलो तेव्हा अप्पा सायकल घेऊन बाहेर गेले होते. आई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. तिला हाक न मारताच आम्ही झाडांकडे वळलो. वहिनी पुढे, हातात खणायची पहार. झाडांशी पोचली आणि थांबली ती थांबलीच.

झाडांखाली घोट्याच्या वर पानं होती. वरची ताजी, पिवळी. पायाने सारली की खाली तपकिरी.

"हे काय?" वहिनी म्हणाली.

"पानं," मी म्हटलं. मातीच्या डॉक्टरला एवढं सांगण्याइतकं शिक्षण माझं आहे.

"पण इतकी? मी दरवर्षी याच दिवसांत येते. तेव्हा इथे जमीन दिसते, साफ. मी लिहूनसुद्धा ठेवलंय, या झाडांची पानं फार लवकर कुजतात म्हणून."

तेवढ्यात आई ओले हात पुसत आली. "अगंबाई, तू. कळवायचं तरी. यांनी अजून झाडलंसुद्धा नाही."

वहिनी हळूच वळली. "काय झाडलं नाही, आई?"

"हेच. झाडांखालचं."

आईने उत्तर दिलं आणि माझ्याकडे बघितलं, की हिला झालंय काय. मीही आईकडेच बघत होते. अप्पा झाडांखालचा केर काढतात हे मला ठाऊक होतं, दादाला होतं, आईला होतं. घराला खिडक्या आहेत हे नव्या सुनेला जसं कोणी सांगत नाही, तसंच हेही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

अप्पा सायकलवरून उतरले ते सुनेला पानांत उभी बघून ओशाळलेच. सायकल झाडाला टेकवली आणि पंपघराच्या भिंतीशी ठेवलेलं दाताळं उचललं. "पाच मिनिटं दे पोरी, आत्ता लख्ख करून देतो."

"अप्पा, हात लावू नका."

लग्नानंतर वहिनी अप्पांशी एवढ्या मोठ्याने प्रथमच बोलली. अप्पा दाताळं हवेत धरून तसेच उभे राहिले.

"तुम्ही म्हणाला होतात, झाडांखाली काही करत नाही."

"मग करतो काय? खत नाही घालत, पाणी नाही घालत."

"पानं उचलता."

"तो केर आहे. केर काढणं म्हणजे काही करणं झालं का?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. आज काय काय काम झालं म्हणून विचारलं तर ते आयुष्यभर दाढ्या आणि डोकी सांगत आले. केर किती वेळा काढला ते कोण सांगतं?

"आणि तो केर टाकता कुठे?" वहिनीचा आवाज आता खाली आला होता.

"टाकायचा कशाला वाया? शेतात पसरतो. नांगरला की आत जातो."

"शेतात काही टाकत नाही म्हणालात ना?"

"बाहेरून टाकत नाही म्हणालो. हे तर घरचंच."

वहिनी मटकन पानांतच बसली. अप्पांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी थोडक्यात सांगितलं: सिलिका, फळी, उलटे आकडे, मॅडम, महिनाअखेर. अप्पांच्या हातातलं दाताळं खाली आलं.

"म्हणजे तीन वर्षं हिच्या कामावर मी झाडू फिरवला."

"तीन कशाला," आई म्हणाली, "झाडं लावल्यापासून फिरवताय. मी म्हणत होते, थोडी असू द्या, पाय पडला की छान वाजतात. ऐकतंय कोण."

"अगं, पाहुणे येतात, काय म्हणतील?"

"पाहुणे झाडांखाली जेवायला बसतात का?"

त्यांचं हे जुनं भांडण पुढे लांबलं असतं, पण मला कोठार आठवलं. "वहिनी, ऐक जरा. आमच्याकडे एकदा बिजागऱ्या कमी भरल्या. साहेबांनी सगळ्यांना फैलावर घेतलं, मोजणाऱ्याला तर घरीच पाठवायला निघाले होते. मग दुसऱ्या कोठाराची मोजणी झाली. तिथे बिजागऱ्या जास्त. मोजणारा बरोबर होता. मधल्या मध्ये कोणीतरी खोकी हलवली होती आणि ती हलवणं हे सांगण्यासारखं काम आहे असं त्याला वाटलंच नव्हतं."

वहिनी वर बघायला लागली.

"म्हणजे चिठ्ठ्या बरोबर आहेत," ती म्हणाली.

"रिकाम्या डब्यावर 'रिकामा' लिहिणारी तू. चिठ्ठ्या बरोबरच असणार."

ती हसली नाही, पण उठली आणि साडीवरची पानं झटकली. तेवढ्यात पुन्हा तिचा चेहरा पडला. "मॅडमना सांगितलं तर म्हणतील, सासऱ्याने सुनेला वाचवायला गोष्ट रचली. पुरावा हवा. याच झाडांखाली कधीच न झाडलेली जागा हवी, म्हणजे तिन्ही जागांची तुलना होईल. आणि अप्पांनी न झाडलेली जागा कुठली असायला."

अप्पा म्हणाले, "नाहीच." हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं, पण त्यात थोडा अभिमानही होता. मी दोन्हींची नोंद घेतली.

"आहे की," आई म्हणाली. "पंपघराच्या मागे. गांधीलमाश्यांचं पोळं आहे तिथे, कितीतरी वर्षं. मागे एकदा यांचा गाल एवढा सुजला होता. तेव्हापासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही."

"मी वेळ मिळाला की करणार होतो तिकडचं," अप्पा पुटपुटले.

वहिनी अंगावर आईची जाड चादर गुंडाळून पंपघरामागे गेली. डोळ्यांपुढे फट तेवढी ठेवलेली. अप्पा लांबून सूचना देत होते, हळू, जोरात पहार मारू नकोस, श्वास सोडू नकोस. सुनेने श्वास कसा घ्यावा हे ठरवायची वेळ सासऱ्यावर प्रथमच आली होती. मी पिशव्या धरल्या आणि चिठ्ठ्या लावल्या. एक माशी येऊन वहिनीच्या चादरीवर बसली, फिरली, गेली. तिथली माती काळीभोर होती आणि वर कुजलेल्या पानांचा जाड थर होता. वहिनी तो बोटांनी उलगडत होती, तेव्हा तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती काहीतरी गुणगुणत होती.

नंतरचा आठवडा अप्पांनी फोनवर काढला. निकाल काय लागला असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. "तिकडे हवा कशी आहे?" असं विचारायचे आणि उत्तर ऐकून फोन ठेवायचे. चौथ्यांदा हवेची चौकशी झाल्यावर दादा मला म्हणाला, "हवामान खात्यालासुद्धा एवढी काळजी नसते."

निकाल आला. पंपघरामागची फळी भरलेली होती, शेतापेक्षाही जास्त. वहिनीने कागद मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "सासऱ्यांना घेऊन या. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

अप्पांना गाडीतून मी नेलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. प्रयोगशाळेत शिरताच त्यांची नजर आधी फरशीवर गेली. फरशी स्वच्छ होती, तेव्हा ते जरा सैल झाले.

मॅडम उंच, केस कानाशी कापलेले. अप्पांनी एकदा ते केस पाहिले, काही म्हणाले नाहीत. न विचारता मत देणं त्यांच्या धंद्यात बसत नाही.

"पानं कधीपासून उचलता?" मॅडमनी विचारलं.

"झाडं पानं टाकायला लागली तेव्हापासून."

"सगळी?"

"उडून शेजाऱ्याकडे जातात ती सोडून."

"आणि सगळी शेतात?"

"सगळी. त्या मानाने शेताने गहूही बरा दिला." मग म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. हिने विचारलं होतं. मी काही नाही म्हणालो."

"मी विचारलं होतं, पण नीट विचारलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुम्ही चूक वाटून घेताय, ते बाहेर जाऊन घ्या. इथे मला वेगळंच दिसतंय. तुमच्या सुनेच्या भाषेत सांगायचं तर, झाडं लावली की फळी आपोआप भरते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. भरते, पण पान जिथे पडलं तिथे राहिलं तर. या बाईंच्या आकड्यांत ते स्वच्छ दिसतंय. झाडं तीच, माती तीच, फरक फक्त केराचा. हे मुद्दाम करायचं म्हटलं असतं तर आम्हाला तुमच्याइतकी वर्षं झाडणारा माणूस मिळाला नसता."

अप्पांना हे कौतुक आहे की टोमणा, ते कळेना. मलाही नीटसं कळलं नाही.

"मुदत वाढवतेय," मॅडम वहिनीला म्हणाल्या. "आणि चिठ्ठ्यांबद्दल बोलले ते मागे घेते. पण आता पुढचं काम. त्या झाडांचे दोन भाग करायचे. एका भागात हे नेहमीसारखं झाडतील. दुसऱ्या भागात एक पानसुद्धा हलता कामा नये. निदान तीन वर्षं."

"तीन वर्षं?" अप्पा म्हणाले. "तसंच पडू द्यायचं?"

"तसंच."

"कोणी आलं तरी?"

"कोणीही आलं तरी."

वहिनीला वाटलं, अप्पा नाही म्हणणार. ती त्यांच्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. अप्पांनी सदऱ्याची बाही उगाच सारखी केली. "बरं," ते म्हणाले. हे बरं म्हणणं त्यांना केवढ्याला पडलं असेल, ते मॅडमना कळलं नाही. वहिनीला कळलं. तिने तिथेच, सगळ्यांसमोर, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि अप्पा "अगं, अगं" करत मागे सरले ते बाटल्यांच्या रॅकवर जाऊन आदळले. सगळं प्लॅस्टिक, म्हणून काही फुटलं नाही.

झाडांच्या मधोमध वहिनीने दोरी बांधली. अलीकडे जमीन साफ, पलीकडे पानांचा गालिचा. मावशी आली होती, तिने बघून नाक मुरडलं, तर अप्पा म्हणाले, "ती बाजू सरकारी आहे." सरकारी कशी, हे मावशीने विचारलं नाही. सरकारी म्हटलं की पसाऱ्याचं कारण कोणी विचारत नाही, हे अप्पांना बरोबर ठाऊक.

परवा आईचा फोन आला होता. मी वहिनीकडेच होते.

"हे बघ सूनबाई," आई म्हणाली, "यांचं काय चाललंय सांगू? रोज सकाळी दोरीशी खुर्ची टाकून बसतात. वाऱ्याने तिकडचं पान इकडे आलं की उठतात, उचलतात, आणि दोरीपलीकडे नेऊन ठेवतात. माझ्या मते हे तुझ्या नियमात बसत नसणार, पण विचारते."

वहिनीने क्षणभर विचार केला. "बसतं, आई. चालू दे त्यांचं. फक्त इकडचं पान तिकडे गेलं तर आणू नका म्हणावं."

पलीकडून अप्पांचा आवाज आला. "इकडे पान असेल तेव्हा ना."